सहा ते साडेसात

परभणीत यंदा पारा सहावर आला
आणि त्यात कॅनॉलला पाणी सुटलेलं.
पहाटे धुई अशी, की समोरचं डुमणे सरांचं गेट
कडी वाजली तर आहे म्हणायचं.

गाडी घेऊन बावीस दिवस.
निळी. गडद, शाईच्या दौतीसारखी.
हप्ते साठ, त्यातला एक गेला.
पहिल्या धुईच्या सकाळी बाहेर आले
आणि बोनेटवर बरगड्या.

खोटं नाही सांगत.
सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते मी,
श्वास घ्या, धरा, सोडा;
बरगडी मला कळते.
पत्र्याखाली जिथं जिथं सांगाडा चिकटवलाय
तिथं दंव बसायचं राहिलेलं,
बाकी सगळं पांढरं,
मधून काळ्या फाशा,
एक अख्खी छाती अंगणात आडवी पडलेली.

मग बघतच गेले. वाईट खोड.
पुढचा बंपर अंगापेक्षा एक छटा फिका,
साडीतला ब्लाउजपीस सोडून बाहेरून आणल्यासारखा.
डाव्या दाराच्या फटीत रुपयाचं नाणं उभं राहतं,
उजव्या दाराच्या फटीत नखही शिरेना.
आणि मागच्या दारावर, हँडलच्या वर वीतभर,
एक पंजा.

पुसला. ओल्या फडक्यानं, मग कोरड्या.
दुसऱ्या दिवशी सहाला परत हजर.

शोरूम उघडतं साडेदहाला.
तोवर ऊन वसमत रोडवर पाय पसरून बसलेलं.
अझहर नावाचं पोरगं गाडीभोवती दोनदा फिरलं, अदबीनं.
"मॅडम, काहीच नाही की हो."
खरंच नव्हतं. बंपरसुद्धा निळ्यात निळा.
मला ती माणसं आठवली
जी रात्रभर कळांनी तळमळून ओपीडीत येतात
आणि डॉक्टरनं हात लावला की म्हणतात,
आत्ता नाही दुखत.
फोटो दाखवला.
"थंडीचं आहे मॅडम ते," म्हणाला, पडशाबद्दल बोलावं तसं,
"उन्हाळ्यात जाईल."

शेवटी मुनीर मिस्त्री आले, डेंटिंग-पेंटिंगवाले,
फजरची नमाज करून तसेच, कानाला मफलर.
मोबाईलची बॅटरी लावून दाराला नाक भिडवलं.
"लॅकर पुरतं वाळायच्या आत कुणीतरी हात टेकलाय, बाई.
उन्हात नाही सापडायचा. दंव पडलं की उठतो."
मग आपला पंजा त्याच्या बाजूला धरला, थोडं अंतर ठेवून.
यांचा मोठा. तो लहान,
आणि करंगळी दुसऱ्या पेऱ्यालाच संपलेली.

मी काही बोलले नाही.
कडबाकुट्टीत गेलेले, रसवंतीच्या चरकात गेलेले
हात मी प्लेटवर सरळ करून ठेवलेत,
बोटं पसरा, बाबा,
असतील तेवढी पसरा.
हा एखाद्या प्रेसमधला असेल. किंवा जन्माचाच.
पुरुषाचा, बाईचा, तेही धड कळत नाही.
पाळी सुटताना पाठ मोकळी करायला
टेकला असेल घडीभर माझ्या दाराला,
माझं नव्हतं तेव्हा ते.

"रबिंग मारलं की निघेल," मिस्त्री म्हणाले. "दोनशे द्या."

आतून दूध उतू गेल्याचा वास आला.
साडेसात. डुमणे सरांच्या गेटचे भाले दिसायला लागले,
आणि पंजा अंगठ्याकडून विरत आला.

"राहू द्या," मी म्हटलं.
"बंपरचं तेवढं बघा."