सतरावं प्रकरण

प्रकाशक कोठुळे फोनवर म्हणाले,
"बाई, मंत्री फुटला, सर्व्हर बसला, ओझरपर्यंत पाठलाग झाला,
पण दोनशे पानांत कुणी कुणाचा हात धरला नाही.
थोडं प्रेम घाला. सतराव्यात जागा आहे."
जशी काही रिक्षात चौथी सीट.

जेल रोडच्या गॅलरीत बसून
दोन वर्षं मी कुंभमेळ्याचं कारस्थान रचतेय:
घाटावरचे सातशे कॅमेरे,
माणसं मोजणारी प्रणाली,
आणि तिच्या पोटात कुणीतरी पेरलेली एक ओळ
जी पर्वणीच्या पहाटे
लाल आकडा हिरवा दाखवेल.
हे मला जमतं.

मृण्मयी गायधनी, कंट्रोल रूम, रात्रपाळी.
तिला ती ओळ सापडते.
शार्दूल बोरस्ते, मंत्र्यांचा स्वीय सहायक.
त्याला ती माहीत असते, आणि झोप नसते.
आता या दोघांनी प्रेम करायचं कधी?
पहाटेला उरलेत चार तास,
त्यातला अर्धा मी आधीच मिसळीला दिलाय.

लिहिलं: रामकुंडावर चांदणं.
खोडलं. रामकुंडावर हॅलोजन असतात.
लिहिलं: तो तिला गंगापूर धरणावर नेतो.
खोडलं. तिथे रखवालदार असतो,
मग त्याला नाव द्या, गुडघेदुखी द्या, मुलीचं लग्न द्या.
लिहिलं: ती स्क्रीनवर त्याचा चेहरा थांबवते,
मोठा करते,
पुरावा म्हणून,
आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघते.
हे राहू दिलं.
पण पुढे?

हे शेजारी डाळिंब सोलत होते.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात.
रोज संध्याकाळी गेटवर झडती देऊन यायचे,
खिशात स्वतःचा रुमाल तेवढा, आणि अंगाला शाईचा वास.
आत काय झालं, कधी सांगितलं नाही.
मी गोष्टी रचायला लागले
त्या बहुतेक या न सांगण्यातूनच.

"एकदा मोजणीत एक ताव कमी भरला," हे म्हणाले,
डाळिंबाकडे बघत.
"शहाऐंशीचा मार्च. दारं बंद. सगळे आत."

ती रात्र मला पाठ आहे.
आमटी तीनदा गरम केली.
शेजारच्या लोखंड्यांकडे फोन होता, तो वाजला नाही.
अपघात, अटक, दुसरी बाई,
एकाच रात्रीत सगळी कथानकं करून झाली माझी,
तेव्हा मी लेखिका नव्हते तरी.
सव्वाचारला आले. तांब्याभर पाणी प्यायले.
म्हणाले, "आज जरा उशीर झाला."
एकोणचाळीस वर्षं
त्या रात्रीचं माझ्याकडे एवढंच वाक्य होतं.

"मग? सापडला?"
"सापडला की. दुसऱ्या तावाला चिकटला होता.
शाई ओली होती.
दोघांचा मिळून एक मोजला गेला."

"आणि हे मला आज सांगताय?"
"तेव्हा शपथ होती."
"आता नाही?"
"आता तू काय, बदलूनच लिहिणार."
वाटी माझ्याकडे सरकवली. एक दाणा चुकून
सोळाव्या प्रकरणावर पडला, डाग राहिला.

कोठुळे, घ्या तुमचं सतरावं:

पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटं. कॅमेरा चारशे बारा.
पंचवटीतल्या एका बंद शटरपुढे
दोन माणसं भांडतायत, हळू आवाजात.
नावं कुणाची द्यायची, कुणाची गाळायची.
मागून भाविकांचा लोंढा येतो,
ती दोघं शटरला टेकतात,
जागाच नसते म्हणून.
लोंढा जातो. ती दोघं तशीच.

नंतर खुर्चीत बसून मृण्मयी आकडे ताडून बघते.
पेरलेली ओळ काढलीये, लाल आता लाल दिसतंय,
बाकी सगळं जुळतं,
फक्त चारशे बारावर
एक माणूस कमी भरतो.

चूक कुठे आहे ते तिला कळतं.
ती दुरुस्त करत नाही.