बावीस अक्षरं

उलव्यात, रात्री दीडला, मी
सामुराईच्या तोंडी मराठी घालतेय.
चारशे वर्षं झोपून उठलाय तो,
पोलादी धुडाच्या छातीत मांडी घालून बसलाय
आणि सिग्नल हिरवा झाला तरी
आधी वाकून नमस्कार करतो चौकाला.

एका शब्दाशी अडलेय.
ज्याचा धनी गेला, तलवार राहिली, असा माणूस.
पडद्याखालच्या ओळीत बावीस अक्षरं मावतात.

मागे बाबा उभे. हसुराम घरत,
न्हावा-शेव्याला सव्वीस वर्षं क्रेनवर,
चाळीस मीटर उंच, काचेच्या खोलीत,
पायांखालून कंटेनर उचलायचे
काडेपेटीसारखे.
आता तीच क्रेन कुणी पोरगा
एसीत बसून जॉयस्टिकने हलवतो.
बाबांचा अंगठा अजून मधूनच
हवेत काहीतरी दाबतो.

"यो आतमंदी बसून चालवतं?"
"हो."
"मंग बरा हाय."

सामुराई खाली उतरतो. यंत्राच्या
दवाने भिजलेल्या गुडघ्यावर हात ठेवतो,
बैलाच्या ठेवावा तसा.
बाबा खुर्ची ओढतात.
"बिनधन्याचा लिव," म्हणतात, "सरल."

पाच अक्षरं.
उरलेली जागा मी
काळीच सोडली.