मिठाला जागणं

कुताइसीचं इस्पितळ, तिसरा मजला, खाट सात.
मक्वाला नावेरियानी, वय एकसष्ट,
गाव डोंगरात इतकं वर
की ऑक्टोबर सरला की रस्तासुद्धा मुक्कामाला खाली येतो.

पुस्तकात त्या ग्रंथीला फुलपाखरू म्हणतात.
आज दुपारी ट्रेमध्ये होतं ते
मातीतून नुकत्याच उपटलेल्या बीटासारखं,
तीस वर्षं रुमालाखाली वाढलेलं.
लेकीच्या लग्नात रुमाल, नातवाच्या बाप्तिस्म्यात रुमाल,
आणि आता तिथे बोटभर पांढरी पट्टी
आणि एक नळी. तिच्या बाटलीत दर तासाला बघते मी,
लाल किती चढलं.

उशाशी टाके कापायची कात्री ठेवायची असते.
ती कशासाठी, हे पेशंटला सांगायचं नसतं.
मी तिच्यावर घडीचा टॉवेल टाकते.

रात्रीचे दहा. "नाव सांगा."
ती माझ्याकडे बघते,
नाव तर तुझ्या हातातल्या कागदावर आहे, बाई, अशी.
कसं सांगू, की सुरीच्या वाटेत
आवाजाची एक बारीक नस होती,
ती शाबूत आहे का, हे कुठल्याही यंत्राआधी
तूच मला सांगणार आहेस.
"नाव?"
ओठ हलतात. फाटक्या भात्यातून यावा तसा नुसता वारा.
अकराला पुन्हा वारा.
मी तक्त्यावर लिहिते: घोगरा.
खोडते. पुन्हा तेच लिहिते.

बाराला गालावर, कानाच्या पुढ्यात, बोटाची टिचकी.
शेजारणीचं दार वाजवावं इतकी हळू.
बाराला काही नाही.
दोनला ओठाचा कोपरा उडाला,
कुणी आतून दोरा ओढल्यासारखा.
"बोटांना मुंग्या?"
ती मान डोलावते, मग तोंडाभोवती बोट फिरवते: इथेही.

तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी,
त्या नुसत्या दुखावल्या तरी रक्तातलं कॅल्शियम घर सोडतं.
डॉक्टर झुराबला उठवलं.
मग शिरेतून हळू, दहा मिनिटं, घाई नाही,
एक डोळा घड्याळावर, एक मॉनिटरवर,
तिसरा असता तर तो तिच्या चेहऱ्यावर ठेवला असता.
"ऊन," ती वाऱ्याच्याच आवाजात म्हणाली. "अंगात ऊन."

माझ्या आईचाही गळा असाच होता.
आमच्या खोऱ्यात सगळ्याच बायकांचा तसा,
म्हणून कुणाचाच तसा नव्हता.
मीठ मात्र आमचं नावाजलेलं:
लसूण, निळी मेथी, झेंडूच्या वाळल्या पाकळ्या,
खलबत्त्यात कुटून. पाहुणे पुड्या बांधून न्यायचे.
नव्हतं त्यात एवढंच, जे डोळ्याला दिसत नाही,
जिभेला कळत नाही,
चिमटीच्या हजाराव्या हिश्श्याएवढं आयोडीन.

त्याच मिठाची बरणी मक्वालाने माझ्यासाठी आणली आहे,
खाटेखाली, लोकरी मोज्यात गुंडाळून.
नको कसं म्हणू? मी त्यावरच वाढले.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
जागते मी. चार वाजेपर्यंत, साडेचार,
पाचला स्वतःची गोळी, उपाशीपोटी,
चहाच्या आधी अर्धा तास, गेली एकोणीस वर्षं.

पाच चाळीसला खाली रस्त्यावरून
कुणाची तरी गाय घंटा वाजवत चालली.
मक्वालाने मान न हलवता डोळे उघडले.
"नाव सांगा," मी म्हटलं, सवयीने.
"त्साब्ला," ती म्हणाली.
पहिल्यांदा तडकलेलं. मग पुन्हा,
समोरच्या उतारापर्यंत पोचावं असं,
"त्साब्ला! हो! इकडे!"
आठ नंबरची बाई दचकून उठून बसली.
एकसष्टाव्या वर्षी कंठ फुटला होता.

तक्त्यावर लिहिलं: आवाज, स्पष्ट.
काय बोलली, त्याला रकाना नव्हता.
गाय वळली नाही, हेही कुठे लिहिलं नाही.

कात्री अजून टॉवेलखालीच आहे.
चोवीस तास व्हायचेत.