दार बंद

चौतीस वर्षं मी बेस्टचे मीटर वाचले.
माझगाव, डोंगरी, भायखळ्याचे जिने,
जिन्याखाली घुशी, मोडकी सायकल,
आणि काचेमागे फिरणारी चकती.

आता सकाळी साडेसहाला एकच मीटर,
एकच गिऱ्हाईक : विजू.
ती हात पुढे करते आणि तोंड खिडकीकडे,
जणू बोट शेजारणीचं आहे.
तर्जनी सुईत दोरा ओवायला लागते, म्हणून नाही.
मधल्याला कालचं भोक.
करंगळी ती देत नाही. "एवढी एक माझी राहू दे."
उरते अनामिका.
टक्.
थेंब मुळापासून पिळून आणावा लागतो;
कमी पडला तर एकवीस रुपयांची पट्टी फुकट.
पाच, चार, तीन, दोन…
एकशे ब्याऐंशी.

"मशीन बिघडलंय."
हे मी हजार दारांत ऐकलंय.
"साहेब, आम्ही गावाला होतो हो,
पंखासुद्धा नाही लावला!"

मी चोऱ्या पकडल्यात.
मीटरच्या डोक्यावर लोहचुंबक ठेवणारे,
एक्स-रेची पट्टी सरकवून चकती अडवणारे.
म्हणून मला कळतं,
डॉक्टरांकडे जायच्या आधी तीन दिवस
विजू भंडारवाड्याच्या टेकडीवर फेऱ्या का मारते,
भाताकडे पाठ का फिरवते.
मग डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी काढायला लावतात
आणि सगळं बाहेर येतं :
फिलोमिनाकडचा दोदोल,
रात्री दोनला फ्रीजच्या उजेडात
उभ्यानं चोखलेली आंब्याची कोय.
मी चिडतो. ती म्हणते,
"बिल माझं ना? मी भरीन."

गेल्या मंगळवारी, अशाच तिसऱ्या दिवशी,
पहाटे गोदीचा भोंगा झाला आणि मला जाग आली.
उशी ओली. तिचे हात थंडगार.
मला ती "अण्णा" म्हणाली. अण्णा तिचे वडील.
बोट कुठलं, पाहिलं नाही.
सत्तेचाळीस.
धावलो स्वयंपाकघरात.
साखर नाही. गूळ नाही.
मीच तर बंद केलेला सगळा पुरवठा.
डबे पालथे घालतोय, आणि आतून तिचा आवाज,
जड, पण हुकमी :
"देवांच्या मागे बघा."

अन्नपूर्णेच्या पाठीशी
फडक्यात बांधलेली खडीसाखर.
तीन खडे तिच्या गालात सारले
आणि पलंगाच्या कडेला बसून राहिलो,
पंधरा मिनिटं, मग पुन्हा एक पट्टी, पुन्हा पंधरा.
एकशे चारला ती म्हणाली, "पुडी कुठे ठेवलीत?"

उजाडल्यावर मी मशीन काढलं नाही.
वहीत तारीख घातली
आणि समोर जुन्या सवयीनं शेरा लिहिला :
दार बंद.
आमच्याकडे असं असायचं,
दार बंद असलं तर त्या महिन्याला सरासरी धरायची,
कुणाची लाईन तोडायची नाही.

पुडी होती तिथेच ठेवली.

बुधवारी साडेसहाला विजू आपणहून येऊन बसली.
तोंड खिडकीकडेच.
हात पुढे आला, मूठ वळलेली,
आणि मुठीतून बाहेर
करंगळी.