निगडीचं पाणी

कोल्हापूरच्या यंत्रातून कागद आला.
खाऊन झालेल्या बांगड्याचा काटा
आडवा ठेवावा तशी शिखरं.
आधी सॅबिनीन, मग सिनिओल,
सर्वांत उंच कॅरिओफिलीन, सव्वीस टक्के,
मिरीत असतं तेच.
शेपटीकडे व्हिरिडिफ्लोरॉल,
ज्याचा उच्चार सर दर वेळी वेगळा करतात.
बेरीज ब्याण्णव पूर्णांक चार.

पाला सत्यवती धुरींचा.
नवाबागेच्या वाटेवरच्या वईतला,
सिमेंटच्या गोणीतून, डोक्यावरून वेंगुर्ल्यात.
साठ रुपये ठरले होते.
"दंव आसताना काढलंय," म्हणाल्या,
"उन्ह चढला की वास उडान जाता."
हेच मी इंग्रजीत वाचलं होतं,
तीन तक्ते आणि एक आलेख लागला होता त्यांना.

तीनशे ग्रॅम. फ्लास्कमध्ये कोंबला, वर पाणी.
पंखा बंद. तीन तास, मंद आच.
मला वाटलं, पैसे घेऊन जातील.
त्या स्टुलावर बसून राहिल्या,
हात मांडीवर, ठेवायला दिल्यासारखे.
अकरा वर्षं कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये, बर्फात.
मूठ मिटते. उघडताना
दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागतं.

नळीत पाण्यावर पिवळट रेघ उतरली,
शून्य पूर्णांक चार मिलिलिटर.
मी बुडबुडाही न धरता कुपीत घेतली,
त्यांच्या नाकाशी नेली.
"वास बरो आसा.
पण गो, एवढ्याशान कोणाचा काय होतला?"
मग फ्लास्ककडे बोट, वाकडंच:
"आनी ह्या पाणी? टाकतलंस?"

काळपट हिरवं, उकळून थकलेलं पाणी.
त्यात काय उरतं ते आम्ही मोजत नाही,
रकानाच नाही तसा.
गोणीच्या तळाशी त्यांनी
पितळेचा डबा आधीच ठेवला होता.

घरी न्यायच्या आधी तिथंच, बेसिनच्या कडेला,
डब्यात दोन्ही हात मनगटापर्यंत.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
बाहेर मासळीचा टेम्पो मागे घेताना
कुणीतरी "येऊं दे, येऊं दे" ओरडत होतं.
मग करंगळी हलली. आपली आपण.
की मला वाटलं तसं.

प्रबंधात, पान एकेचाळीसवर, लिहिलंय:
अवशिष्ट पाणी टाकून दिले.
खाली सही माझी.

पुढच्या गुरुवारी न बोलावता आल्या.
गोणी तीच.
डबा मोठा.