नववा प्रश्न

दापोलीत पाच दिवस शिकवलं:
उपदेश नको. मध्ये बोलू नये.
नववा प्रश्न गाळू नये.

हर्णैच्या जेटीमागे टोपल्या उपड्या घालून
आम्ही दोघी बसलो. मंजुळा पावसे कोळंबी सोलत होती,
मी कागद ओच्यात लपवला.
झोप? भूक? आठ झाले.
नववा घशात, काट्यासारखा.

विचारला. "मरून जावं असं वाटतं?"

तिची नखं थांबली.
"वाटतं. भरती लागली की."
मग कोळंबीची डोकी बाजूला सारत,
"आजपावत कोनी इचारलाच नाय गो."

मी आठवी पास. औषध माझ्याकडे नाही.
फोन नंबर आहे,
मंगळवारची दवाखान्याची गाडी आहे,
आणि भरतीच्या वेळा,
त्या आता माझ्याही भिंतीवर.