दहा मिनिटांचा निरोप

दाभोळच्या सोसायटीची माडी.
डिझेलच्या पावत्यांवर शंखाचं वजन,
कोपऱ्यात सोड्यांची गोणी,
आणि तिच्या वर खिळ्याला टांगलेला राउटर,
शुक्रवारपासून मुका.
खाली जेटीला बावीस होड्या,
टोकन निघत नाही म्हणून दोराला.

लॅपटॉप मांडीवर, निळी केबल.
काळ्या पडद्यावर एक कोन,
त्यापुढे लुकलुकणारी रेघ: बोल.
इथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत.
बरोबर लिहिलं तर हा काहीच बोलत नाही,
चुकलं की नेमक्या त्या अक्षराखाली टोक ठेवतो,
शाळेत हातिसकरबाई पेन्सिल ठेवायच्या तसं.

पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.
रज्जाक परकार म्हणाले, तांब्यांच्या शब्बीरला इचार.
शब्बीर मस्कतला. फोनमागे एसीची घरघर.
"तारली लिही, पुढे आमच्या होडीचा नंबर."
लागला.
कोन गेला, त्या जागी दोन आडव्या दोन उभ्या रेघा,
जाळ्याचा एक आस.

शो रन. ओळी वर सरकू लागल्या,
आणि आज्ञांच्या मधेमधे शब्बीरची टिपणं,
यंत्राला ज्यांचं काही घेणंदेणं नाही अशी:
पोर्ट तीन, बर्फ कारखाना, पहाटे चारला जड होतो.
पोर्ट चार, कॅमेरा, हात लावू नये.
पोर्ट सात, तहूराची बारावी. निकाल लागला की बंद करणे.

तहूरा समोरच बसली होती, सोसायटीचा हिशेब लिहीत.
तिसरं वर्ष नोकरीचं.

बिघाड इथला नव्हताच.
खाडीपल्याड धोपाव्याच्या टेकडीवर दुसरा राउटर,
तो अजून शुक्रवारी उतरवलेल्या टॉवरची वाट धरून बसलेला.
इथूनच त्याच्यात शिरायचं, वाट बदलायची.
एक आकडा चुकला तर आतली मी बाहेर,
आणि शेवटची फेरीबोट गेलेली.

म्हणून आधी त्याला सांगितलं, रीलोड इन टेन.
दहा मिनिटांत माझा शब्द आला नाही
तर मी शिकवलेलं सगळं विसर,
होतास तसा हो.
परकार मान हलवून म्हणाले,
आम्ही पण सांगून जातो घरी.
कुठल्या भरतीपर्यंत वाट बघायची, ते.

आकडा चुकला.
पडदा थिजला.
मग दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही,
तहूराने फक्त पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
धोपाव्याचा दिवा दिसत होता,
त्याच्याखाली कुठेतरी तो
मला विसरायच्या बेतात.

विसरला. उठला.
पुन्हा शिरले, या वेळी प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत.
मग नो शटडाउन.
काय भाषा आहे ही,
चालू हो म्हणायला शब्द नाही,
बंद राहू नकोस, एवढंच म्हणता येतं.
रीलोड कॅन्सल. राइट.
न लिहिलेलं वीज गेली की जातं.

पावणेबाराला पहिलं टोकन निघालं.
परकार कागद घेऊन खिडकीशी गेले
आणि हसायलाच लागले.
सुकती लागलेली. होड्या चिखलात पोटावर.
आता पहाटेशिवाय कुणी हलत नाही.

तहूराने चहा टाकला.
केबल काढण्याआधी पोर्ट सातची ओळ पुसली,
नवी लिहिली:
तहूरा, हिशेब. चालू ठेवणे.
शब्बीरला कळवायचं होतं, पण मस्कतलाही रात्र असेल.